आतोबांनी ठेवून घेतलेलं पत्र

शब्दाचं मूळ कळल्याशिवाय घासही न गिळणारा माणूस या जगात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या धाकट्या आत्याचा नवरा होता. कल्याणला लाकडाच्या वखारीत कारकुनी करणारे हे आमचे आतोबा. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी, पण त्यांच्याकडे गेलो की आपण नक्की काय शिकलो, असा गोंधळ व्हायचा. आत्यानं "चटणी वाढू का?" विचारलं, की चाटण्यापासून चटणी कशी झाली हे सांगून होईस्तोवर भात गार. एकदा डॉक्टरांनी जीभ बघायला मागितली, तर यांनी "डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा" हे आधी त्यांनाच शिकवलं.

स्वातंत्र्याला चारपाच वर्षं झाली असतील. ठाण्याच्या एका कचेरीतून मला नेमणुकीचं पत्र आलं. सोमवारी अकराच्या आत पत्रासह जॉइन व्हा, नाहीतर नेमणूक रद्द. रविवारी पेढे घेऊन मी आतोबांकडे गेलो. त्यांनी पत्र चारदा वाचलं.

"काय बी. ए., जॉइन म्हणजे काय?"

"कामावर रुजू व्हायचं, आतोबा."

"तो अर्थ झाला. मूळ?"

मूळ मला कुणी शिकवलं नव्हतं.

"राहू दे इथं. शोधतो."

"अहो, उद्या लागणार आहे ते!"

"मग उद्याच देतो की!"

वडीलधाऱ्या माणसाच्या हातून कागद हिसकावणार कसा?

सोमवारी पावणेअकराला मी कचेरीच्या दारात, कपाळाला कुंकू आणि हात रिकामे. शिपाई तिसऱ्यांदा म्हणाला, "पत्र नाय तर आत नाय." तेवढ्यात आतोबा धापा टाकत आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आत्याची.

"लॅटिनमधून आलंय! आपला योग, बैलाच्या मानेवरचं जू आणि हे जॉइन, सगळी एकाच मुळाची भावंडं! आता तुला योगी समजतायत की बैल, तेवढं साहेबाला विचार!"

मला काही कळलं नाही. पत्र ओढून घेतलं आणि आत पळालो.

पुढं बऱ्याच वर्षांनी आतोबा वारल्यावर आत्यानं त्यांचा शब्दकोश मला दिला. आत एक कागद होता. माझंच पत्र, त्यांच्या अक्षरात पेन्सिलीनं जसंच्या तसं उतरवलेलं. नावाची जागा तेवढी कोरी.

"हे काय गं आत्या?"

"अरे, वखारीत तीस वर्षं तात्पुरतेच होते ते. असं पत्र त्यांना कधी आलंच नाही. मूळ तर तुझी पाठ वळली तेव्हाच सापडलं होतं. मग तुझं पत्र नुसतेच वाचत बसले होते."

त्या कोऱ्या जागी कुणाचं नाव घालायचं हे मला माहीत आहे. पेन्सिल तेवढी उचलवत नाही.