जावयाने बसवलेला सेन्सर

आमच्या मजल्यावरचा निकेत गाड्यांना सेन्सर बसवतो. गाडी किती जोरात पळाली, ब्रेक कसा दाबला, किती हादरे बसले, सगळं एका छोट्या डबीत नोंदलं जातं आणि मालकाच्या मोबाइलवर दिसतं. निकेतचा माणसांवर फारसा विश्वास नाही, डबीवर मात्र नितांत. बायकोला, मंदाला, ताप आला तरी थर्मामीटर बघितल्याशिवाय हा ‘अगं, पड जरा’ म्हणत नाही.

मध्यंतरी त्याने शाळेच्या बसेसचं काम घेतलं. त्यातली एक बस त्याचे सासरे राघो चालवतात. रत्नागिरीकडचे, अगदी मवाळ गृहस्थ. गतिरोधकालासुद्धा नमस्कार करून पुढे जातील. निकेतने राघोंच्या बससकट पहिल्या काही बसेसमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी, पत्र्यावर, घट्ट स्क्रू मारून डबी बसवली. मग बस सपाट जमिनीवर उभी करून सेन्सरचं शून्य लावायचं असतं. भाईंदरात सपाट जमीन शोधण्यातच त्याची सकाळ गेली. शेवटी वरसाव्याला एका गोदामाच्या अंगणात ती सापडली.

आठवड्याने निकाल लागला. सर्वांत बेदरकार चालक, राघो! मालकाने बजावलं, सोमवारपर्यंत सुधारणा नाही दिसली तर घरी बसा.

रविवारी मोरव्याला, सासरी जेवताना, निकेतने सासऱ्यांचीच शिकवणी घेतली. “मामा, ब्रेक जरा हळू मारा. सेन्सर खोटं नाय बोलत.”

राघो मान डोलवत राहिले. जावयाला उलट कसं बोलणार? मंदाने मात्र आमटीची पळी त्याच्या ताटात आदळली. “हा पण धक्का लिहून घे,” म्हणाली.

निकेतने मला हे हसत हसत सांगितलं. मला रागच आला. “अरे, बस बघितलीस का जाऊन?”

“कशाला? मोबाइलवर सगळं दिसतंय ना!”

सोमवारी मंदानेच त्याला ढकलून बसपाशी पाठवला. पायाशी डबी नव्हतीच. ती वर होती, काचेजवळच्या गणपतीशेजारी, झेंडूचा हार घालून. देवाला हादरे बसू नयेत म्हणून राघोंनी तिथे जाड स्पंजची गादी केली होती. इंजिन सुरू होतं, आणि त्या गादीवर डबी टुणटुण उडत होती.

“जावयांनी बसवलेली वस्तू पायाशी ठेवू? शोभतं काय ते?” राघो म्हणाले.

डबी हलवेल त्याला कामावरून काढायचं, हा नियम निकेतनेच मालकाला सुचवला होता. तेवढ्यात मालक आला. निकेत पुढे झाला.

“बसवताना माझीच चूक झाली. सेन्सर खोटं सांगत होता.”

राघोंची नोकरी राहिली. उरलेल्या बसेसचं काम मालकाने दुसऱ्याला दिलं.

डबी पुन्हा पायाशी गेली. काल सिग्नलला राघोंची बस माझ्या रिक्षाशेजारी थांबली. उघड्या दारातून दिसलं, चपला मागे पिशवीत, आणि राघो अनवाणी.

“काका, हे काय?” मी विचारलं.

“जावयांचं यंत्र पायाशी हाय,” ते संकोचून म्हणाले. “चपला घालून कसं बसू?”