दोन किलोची म्हैस

गाईचं औषध आणायला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. रांगेत माझ्या पुढं निरगुडसरकडचे एक आजोबा. एका जागी ठरतील तर शपथ! टोपी काढायचे, घालायचे, पिशवीत डोकावायचे आणि पिशवी हलली की मोठ्यानं खोकायचे.

नंबर आला तसे म्हणाले, "सायेब, म्हशीला खरूज झालीय."

"वजन किती असेल? औषध जास्त झालं तर जीव जाईल."

आजोबांचे पाय थांबेनात. एकदा दाराकडं बघितलं, एकदा पिशवीकडं.

"दोन किलो."

"दोन किलोची म्हैस?" डॉक्टर उठून उभेच राहिले.

रांग खदखदली. आजोबांनी पिशवीतून मांजर काढलं. कानांवर केस म्हणून नव्हता, नुसत्या खपल्या.

"खाजगीत परवडत न्हाई, सायेब. अन् मांजर म्हटलं असतं, तर ही समदी तवाच हसली असती."

डॉक्टरांनी मांजराचं वजन करून इवलंसं इंजेक्शन दिलं.

सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो. माझ्या डॉक्टरांना मी तंबाखूचं अजून खरं सांगितलेलं नाही, आणि तिथं तर जीव माझाच आहे.