बिनदुधाची मेस

लातूरच्या ट्यूशन एरियात मेस शोधत फिरणाऱ्या आईबापांना तेव्हा दारोदार एकच पाटी वाचायला मिळे: घरगुती जेवण, रविवारी गोड, रात्री दूध. पोरगी डॉक्टर व्हायची तर तिच्या पोटात दूध गेलंच पाहिजे, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. त्या गल्लीत एकच दार असं होतं जिथं दुधाचं नाव निघत नसे. दार अंबिकाचं होतं, आणि आतली चूल तिच्या सासूची, कमलम्माची.

कमलम्मा त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातुरात आली. औसा तालुक्यातलं तिचं गाव त्या पहाटे आडवं झालं. घराच्या दगडी भिंती नि वरचं मातीचं माळवद जागेवरच बसलं. ती अंगणात बाजेवर झोपली होती म्हणून वाचली. मुलगा मल्लिनाथ लातुरात डाळ मिलमध्ये कामाला होता. तो तिला घेऊन आला, आणि आल्या दिवशीच चहाची कपबशी पुढं केली तर तिनं ती हातानं मागं सारली.

"कोरा कर माझा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप यातलं काही तिच्या तोंडी गेलं नाही. देवाच्या पंचामृताला वाटीभर दूध शेजारून यायचं. ते देवाला, तीर्थ हातावर घेऊन ती डोळ्यांना लावायची नि तुळशीत सोडायची. मल्लिनाथ म्हणे, आईचा काही नवस असेल. अंबिका उदगीरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, नवसाबिवसावर तिचा फार विश्वास नव्हता, पण सासूला खोदून विचारायची रीत त्या घरात नव्हती. गल्लीत मात्र वेगळंच बोललं जाई. म्हातारी चिक्कू आहे, दुधाचे पैसे वाचवते. कमलम्माच्या कानावर ते येई आणि ती भाकरी थापत राही.

पुढं ट्यूशन एरिया फुगत गेला. नांदेड, परभणी, पार विदर्भातून पोरी येऊन राहू लागल्या. अंबिकानं मुलींची मेस काढायचं ठरवलं तेव्हा कमलम्मानं एवढंच सांगितलं, "रांधते मी. पर माझ्या हातानं दुधाचं काई होणार न्हाई. बघ, चालतंय का."

अंबिकानं चालवून दाखवलं. तिला मुळात काळजी करायची सवय होती. मेसमधली एखादी पोरगी जरा खोकली तरी तिला झोप लागत नसे. तिनं कॉलेजच्या जुन्या मैत्रिणीकडून आहाराची पुस्तकं मागवून वाचली. ज्वारीबरोबर डाळ गेली पाहिजे, मोड आलेलं कडधान्य रोज हवं, पालेभाजीवर लिंबू पिळलं की रक्त भरतं. हे तिनं सांगायचं आणि कमलम्मानं ते आपल्या हातचं करून टाकायचं. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेले चुरमुरे कांदा-मिरचीवर परतून वर शेंगदाण्याचं कूट. दुपारी भाकरी, तुरीचं वरण, अंबाडी नाहीतर चिगळीची भाजी. संध्याकाळी क्लासहून आलेल्या पोरींच्या हातात फुटाणे नि गुळाचा खडा. रात्री येसराची आमटी. भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं ते पीठ पाण्यात कालवून उकळलं की गल्लीच्या टोकापर्यंत वास जाई. परीक्षेच्या दिवसांत धपाटे. दह्याऐवजी त्यात ती चिंचेचं पाणी घाली. आणि शेंगदाण्याचे, तिळाचे लाडू डब्यात कायम. बाजारात सगळ्यात स्वस्त जे असेल तेच या घरात शिजे. म्हणून या मेसचं जेवण इतरांपेक्षा परवडे, आणि वाढताना कुणाचे घास मोजायची वेळ येत नसे.

शेजारच्या हाजराबी शिलाईकाम करत. मशीन थांबवून त्या भिंतीवरून डोकावायच्या.

"काय गं अंबिका, बकऱ्यांवानी पाला खाऊ घालून डॉक्टरीणी करायलीस व्हय लेकींना?"

आतून कमलम्मा म्हणे, "तुज्या ताटात वाढू का थोडा?"

"वाढ की. मी कधी नको म्हणलं?" आणि हाजराबी ताट घेऊन यायच्याच.

पंचशीला ही लोह्याची मुलगी अकरावीपासून या मेसमध्ये होती. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. "आज्जी, तुमची जवसाची चटणी खाल्ली की केमिस्ट्री सोपी जाते," असं म्हणून ती दोनदा चटणी मागून घेई. तिचे वडील शेषेराव लोह्याला शाळेत मास्तर होते. ती बारावीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर ते मुद्दाम भेटायला आले. चपला बाहेर काढून दाराशीच बसले.

"बाई, तुमच्या जेवणाला नावं ठेवायला जागा न्हाई," ते अंबिकाला म्हणाले. "पण पोरगी बारावीला हाय. कोपऱ्यावरच्या मेसमध्ये रोज ग्लासभर दूध देतात. आमच्या लहानपणी दूध म्हणजे दुसऱ्याच्या दारातून दिसायची वस्तू होती. माझ्या पोरीनं तरी ते प्यावं, एवढंच म्हणणं हाय. आणखी दोघातिघांशी बोललो, त्यांचंबी तेच म्हणणं."

माणूस भांडायला आला असता तर अंबिकानं पुस्तकातली माहिती समोर ठेवली असती. हा तर मनातलं सांगत होता. शिवाय एक पोरगी गेली की मागोमाग बाकीच्या जातात, हे तिनं गल्लीत पाहिलं होतं. "येळवशीनंतर सुरू करते," ती म्हणून गेली; मार्गशीर्षातली ती वेळ अमावस्या तोंडावर आली होती. गवळ्यालाही सांगून आली.

रात्रीची भांडी आवरताना तिनं सासूला सांगितलं. कमलम्मानं परात पुसून भिंतीला उभी केली.

"बरं की," ती म्हणाली.

"राग आला का आत्याबाई?"

"राग कशाचा? आईबाप हायत ते. त्यांच्या जिवाला वाटतंय." मग म्हणाली, "येळवशीला गावाकडं जायलोच आपण. मी तिथंच ऱ्हाते आता. भूकंपानंतर मिळालेलं सरकारी घर रिकामंच पडलंय."

"म्हणजे किती दिवस?"

"आता तिथंच म्हणले की."

मल्लिनाथनं समजावून पाहिलं, मग अंबिकाला म्हणाला, "आईचं एकदा ठरलं की ठरलं. तू गवळ्याला नको म्हणशील तर म्हण, पण मग पोरी जातील. तूच बघ." अंबिकाला चूल सांभाळायची भीती नव्हती, पगारी बाई कुठंही मिळाली असती. पण म्हातारीनं आपल्यामुळं घर सोडावं, हे तिला कसं पचावं? आणि कोणत्या कारणानं ती सोडतेय तेही तिला ठाऊक नव्हतं.

येळवशीच्या दिवशी सगळं लातूर रानात जातं. क्लासला सुट्टी, दुकानं बंद, रस्ते मोकळे. ज्याला शेत आहे तो घरचं जेवण घेऊन शेतात, आणि ज्याला नाही तो कुणाच्याही बांधावर. त्या दिवशी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. शेषेराव पोरीला सुट्टीसाठी न्यायला आले होते. कमलम्मानं त्यांनाही टेम्पोत बसवलं.

"चला मास्तर. लोह्याला जाऊन कुणाच्या तरी शेतातच जाणार ना तुमी?"

"तेबी खरंच," शेषेराव हसले. "आमची येळवस जन्मभर दुसऱ्याच्या शेतात."

जुन्या गावाला लागून असलेल्या कमलम्माच्या वावरात कडब्याची खोप उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, पुढं नैवेद्य. मल्लिनाथ पिकावर आंबील शिंपडून आला आणि पंगत बसली. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे नि पालेभाज्या डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी. शेजारच्या वावरातली, जुन्या गावातली शेजारीण रत्नम्मा नेहमीप्रमाणं वाढायला आली. आंबिलीची मडकी दोन होती. एक रत्नम्माचं, ताकातल्या आंबिलीचं. दुसरं कमलम्माचं. तिनं ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात भिजवून चुलीच्या उबेला आंबवलं होतं, मग लसूण-जिरं लावून शिजवलं होतं.

पंचशीलानं हट्टानं वडिलांना आज्जीच्या मडक्यातली आंबील घ्यायला लावली. शेषेरावांनी पहिला घोट घेतला, मग दुसरा.

"ताक न्हाई ह्यात?"

"न्हाई."

"आंबट तर झक्क हाय." त्यांनी वाटी खाली ठेवली. "कमलम्मा, रागावू नका, एक विचारतो. लोक म्हणतात तुमी पैशासाठी दूध टाळता. मला ते पटत न्हाई. एवढं पोटभर वाढणारं माणूस पैशाकडं बघत न्हाई. मग म्हशीनं तुमचं काय वाईट केलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी सरळ विचारला नव्हता. कमलम्मानं उंडा मोडून पंचशीलाच्या ताटात ठेवला.

"म्हशीनं न्हाई केलं काई," ती म्हणाली. "चंद्री म्हणून म्हस होती माझी. ह्यो मल्लिनाथ तिच्या आईच्या दुधावर वाढला. भूकंप झाला तवा गोठा पडला तिच्यावर. मेली न्हाई. आतून हंबरायची. मी दगडं उचलाय गेले, एक दगड हलंना. मग मिलटरीची पोरं आली. म्हणली, अम्मा, किधर है आदमी? तवा शेजारच्या घरातून बी बाईमाणसाचा आवाज येत होता. मी तिकडं बोट केलं."

रत्नम्माच्या हातातला डाव मडक्यातच राहिला.

"ती बाई निघाली वर जित्ती," कमलम्मा म्हणाली. "पर लई वेळ गेला. सांजपत्तुर चंद्रीचा आवाज येत होता, मग बंद झाला. बोट मीच दाखवलं. बरोबर दाखवलं. आजबी तिकडंच दाखवीन. पर तिनं हाक मला मारली होती. जिच्या दुधावर घर चाललं तिला 'थांब' म्हणले मी. मग आता कोणत्या तोंडानं प्यायचं?"

रत्नम्मा डोळ्यांना पदर लावून कमलम्माला टेकून बसली. ती बाई कोण, हे अंबिकाला विचारावं लागलं नाही. मल्लिनाथ खाली मान घालून ताटातली भज्जी बोटानं गोळा करत होता. त्यालाही एवढं माहीत नव्हतं.

कमलम्माच पुन्हा म्हणाली, "तुमी पोरीला द्या की दूध, मास्तर. मी कुटं न्हाई म्हणले? तुमाला न्हाई मिळालं, तिला मिळूं द्या. फकस्त माझ्या हातानं न्हाई. म्हणून मी बाजूला व्हायलेय."

शेषेराव पोरीकडं पाहू लागले. पंचशीला म्हणाली, "पप्पा, मी वर्गात कधी झोपले नाही, आजारी पडले नाही. दूध मी रूमवर आणून पीन ना, तुम्हाला बरं वाटत असेल तर. मेस नाही बदलणार."

तेव्हा अंबिका उठून उभी राहिली. चारचौघांत मोठ्यानं बोलायची सवय नसलेली बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज बांधापर्यंत गेला.

"मास्तर, मी तुम्हाला येळवशीनंतर दूध सुरू करते म्हणाले होते. ते चुकलं. आमच्या मेसमध्ये दूध मिळणार नाही. ज्यांना हवं त्यांनी पोरीला खुशाल बाहेरून द्यावं, किंवा दुसरी मेस बघावी; मी चांगल्या दोन-तीन सांगीन. आमच्या चुलीवर मात्र आत्याबाई रांधतात तेच शिजेल. आणि आत्याबाई, तुम्ही टेम्पोत माझ्या शेजारी बसायचं. मागं राहायचं नाही."

"अगं, पोरी गेल्या तर?"

"गेल्या तर गेल्या. मी आणि हाजराबी खाऊ पाला."

रत्नम्मा रडता रडता हसली. कमलम्मानं सुनेकडं असं पाहिलं, जणू ही बाई तिला आज पहिल्यांदा दिसत होती. मग म्हणाली, "बस खाली. आंबील थंड व्हायली."

संध्याकाळी टेम्पो निघाला तेव्हा कमलम्मा पुढं सुनेशेजारी बसली होती.

चारदोन पोरी गेल्या, ते खरं. महिनाभर अंबिकाची झोप उडाली. शेषेरावांनी पंचशीलाच्या रूमवर दूध लावलं, आणि ती ते प्यालीही. बापाचं मन राखलं म्हणा, किंवा तिला आवडलं म्हणा. जेवायला मात्र ती इथंच होती. निकालाच्या दिवशी तिचे पेढे आले नाहीत. ती गुळाची ढेप घेऊन आली. म्हणाली, आज्जीच्या तोंडात जाईल असंच काही आणायचं होतं.

मेसमधून पुढं पुण्याकडं शिकायला गेलेली एक मुलगी भेटायला आली नि म्हणाली, "आज्जी, तुम्ही व्हिगन आहात, दूधदुभतंही न खाणाऱ्या. शहरात लोक यासाठी केवढे पैसे मोजतात."

"आसंल बाई," कमलम्मा म्हणाली. "तू जेवून जा."

अंबिका आता नव्या आईबापांना पहिलं वाक्य तेच सांगते. दार उघडलं, पाणी दिलं की म्हणते, आमच्याकडं दूध-तूप मिळत नाही. पूर्वी हे सांगायची वेळ आली की तिचा आवाज बारीक व्हायचा, नि पुस्तकातली चार वाक्यं ती घाईघाईनं पुढं ढकलायची. आता ती थांबते. समोरची आई कपाळाला आठ्या घालून विचारते, "म्हणजे पोरी काय खातात?" अंबिका तिला आत नेते. तिथं कमलम्मा भाकरी थापत असते, आणि पोरीच्या काळजीनं आलेल्या त्या बाईला आधी पाटावर बसवून ताट वाढलं जातं.