समुद्राच्या पाण्याचा पाइप आणि आम्ही दोघं

माझं लग्न एका माणसाच्या सुट्टीशी झालं होतं.

वर्षातले तीन-चार महिने नवरा. बाकी नुसता फोन.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

हे म्हणजे सतीश. मूळचे लांज्याजवळचे, शेतकऱ्याच्या घरातले. मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. मी तेव्हा चिपळूणला शाळेत शिकवायचे. "आज एक पाइप गळत होता," असं हे फोनवर सांगायचे आणि मी म्हणायचे, "बरं, जेवलात काय?"

लग्नाला काही वर्षं झाल्यावर एका मे महिन्याच्या सुट्टीत मी ह्यांच्यासोबत जहाजावर गेले. ऑफिसरच्या बायकोला तशी परवानगी मिळते.

निघताना सासूबाईंनी लोणच्याची बरणी हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "त्याला समजाव गो. बास झाली ती बोट. आता घरीच कायतरी बघ म्हणावं."

माझ्याही मनात तेच होतं. मी जहाज बघायला नव्हते गेले. नवरा परत आणायला गेले होते.

श्रीलंकेच्या खाली असताना एका सकाळी हे नाश्ता अर्धा टाकून उठले.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ज्या पाइपातून फिरतं, त्याच्या वळणावर, म्हणजे एल्बोवर, भोक पडलं होतं.

बाहेरून रंग अगदी नवा. आतून खाऱ्या पाण्याने लोखंड खाऊन टाकलेलं.

बराच वेळ हे वर आलेच नाहीत. शेवटी डबा घेऊन मीच खाली गेले. डबा हे निमित्त. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. इंजिन बंद केलं होतं आणि जहाज लाटांवर नुसतं डोलत होतं.

खाली हे आणि बुरोंडीचे इक्बालभाई. इक्बालभाई जहाजावरचे मिस्त्री, पण आदल्याच दिवशी त्यांचा हात भाजला होता. बाकीची माणसं साचलेलं पाणी काढत होती.

"वेल्डिंग करता येत नाही काय?" मी आपलं विचारलं.

"पत्रा पार पातळ झालाय वहिनी," इक्बालभाई म्हणाले. "वेल्डिंग केलं तर भोक मोठं होईल. आणि वळणावर आवळायचा क्लॅम्प बसत नाही."

म्हणून ह्यांनी पट्टी गुंडाळली होती. फायबरची पट्टी, पाण्यात भिजवली की थोड्या वेळात दगडासारखी कडक होते. ती कडक झाल्यावर व्हॉल्व्ह उघडला.

पट्टीच्या कडेने थेंब.

मग धार.

वरून कॅप्टनचा फोन आला. जहाजांच्या वाटेत असं फार वेळ थांबता येणार नव्हतं.

ह्यांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि छिन्नी घेऊन सगळी पट्टी उखडून काढली. टॉर्च आणि आरसा धरून एल्बोच्या मागे बघितलं.

"मागचा रंग घासायचा राहिलाय. रंगाखाली गंज. त्यावर पट्टी धरणारच नाही."

पाइप आणि भिंतीच्या मधल्या फटीत ह्यांचा हात जात नव्हता. इक्बालभाईंचा तर नाहीच.

"माझा जातो काय बघू?" मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हातमोजे दिले, घासायला एमरी पेपरचा तुकडा दिला.

"जोर नको लावू. पातळ आहे."

मला काही दिसत नव्हतं. गाल पाइपाला टेकलेला, हात खांद्यापर्यंत आत.

"हाताला कसं लागतंय?"

"गुळगुळीत."

"मग तो रंग. घास अजून."

जहाज डोललं की डोकं भिंतीवर आपटायचं.

"आता?"

"खरखरीत. सगळीकडे."

"नक्की?"

"अहो, नक्की!"

मग हे पुढून पट्टी द्यायचे, मी मागून ओढून परत पुढे द्यायचे. ताणून, एकावर एक. इक्बालभाई चांगल्या हाताने पट्ट्या भिजवत होते.

ती कडक होईपर्यंत आम्ही तिघं तिथेच जमिनीवर बसलो. डब्यातला भात खाल्ला.

व्हॉल्व्ह उघडला.

थेंबसुद्धा नाही.

इंजिन सुरू झालं तेव्हा ह्यांनी पाइपावर हात ठेवला आणि हसले. तसं हसताना मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला थोडा रागच आला.

बंदरात नवा एल्बो बसवला, आतून रबराचं अस्तर असलेला. हे तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या लाइनचं प्रत्येक वळण तपासायला लावलं.

त्या संध्याकाळी डेकवर हे म्हणाले, "आईने काहीतरी सांगून पाठवलंय ना तुला?"

"हो. लोणचं पुरतंय काय, ते विचार म्हणाल्या."

त्यांना कळलं होतं.

मी एकटीच परत आले.

त्यानंतर कितीतरी वर्षं हे समुद्रावर होते. मुलीचं बारसं, तिची दहावी, सासूबाईंचं आजारपण, सगळं मी फोनवर सांगितलं. त्या संध्याकाळी डेकवर मी "घरी चला" म्हणाले असते तर हे आले असते. त्या नेमक्या वेळी म्हणाले नाही याचा पस्तावा होतो काय? काही दिवस होतो. काही दिवस नाही.

निवृत्त होऊन रत्नागिरीला आलो तेव्हा आपण रोज एकाच घरात राहणार, याचीच दोघांना सवय नव्हती. पहिले काही महिने खूप भांडलो. गेट रंगवायला आलेल्या माणसाला ह्यांनी आठवडाभर नुसता गंज घासायला लावलं. तो माणूस परत आलाच नाही. मग गेट आम्हीच रंगवलं.

मग छान गेली वर्षं. थोडीच मिळाली.

गेल्या वर्षी सकाळी चहा घेता घेताच गेले. इक्बालभाई बुरोंडीहून आले आणि अंगणातच रडत उभे राहिले.

अहो,

लेक आलीय. घावणे केलेत. आम्ही दोघी जेवायला बसतोय.

तुमची आठवण रोज येते, आज जरा जास्त.

जिथे असाल तिथे सुखात राहा. माझा नमस्कार.