सोमवारची करमणूक

मोठ्या साहेबांच्या बंगल्यात मला स्टुलावर उभं केलं, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. मला मिशा होत्या.

शिवाजी पार्कचा बंगला. कंपनीचा वाढदिवस. दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला, बायका रेशमी लुगड्यांत, पुरुषांच्या हातांत सरबताचे पेले. आमचे हेडक्लार्क विजयकर यांनी आतून स्टूल आणलं, रुमालानं पुसलं आणि म्हणाले, "चढ." मी चढलो.

हे सांगताना आजही माझे कान तापतात. कुणी ढकललं नव्हतं. 'चढ' म्हणाले आणि मी चढलो.

"लालबागचा ना हा?" एका पाहुण्यानं विचारलं. "खिसे तपासलेत का? दगड असायचे."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या भागात सभा, मोर्चे, लाठ्या, अश्रुधूर. त्या दिवाणखान्यात त्याचा एवढाच विनोद झाला होता. सगळे हसले. मीही हसलो. लोक हसले की आपण हसायचं, हे मी पाठ केलं होतं.

आधीचं सांगतो.

माझे बाबा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात. छातीत कापूस गेलेला. खोकायला लागले की चाळीतल्या शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबायचं. मी मॅट्रिक झालो आणि गिरगावातल्या या कंपनीत चिकटलो. परदेशातून औषधं मागवून विकणारी कंपनी. नोकरी कच्ची. कायम झालो की बाबांनी गिरणी सोडायची, हे घरात ठरलेलं. आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, "काय म्हणाले?"

कचेरीतले बाकीचे कारकून गिरगावातल्या जुन्या घराण्यांतले. आजोबा कारकून, वडील कारकून. घरात ग्रामोफोन. शनिवारी सिनेमा, रविवारी क्रिकेट, आणि सोमवारी दुपारी डबा खाताना त्या दोन्हींची उजळणी. कुठल्या नटीनं कुठली साडी नेसली, कुठल्या गाण्याला थेटरात शिट्ट्या पडल्या. मी समोर बसून भात खायचो.

मला त्यात रस नव्हता. आजही नाही. एकदा चुलतभावांनी परळच्या थेटरात नेलं होतं. भिंतीएवढी तोंडं, कानात घुसणारा आवाज, विड्यांचा धूर. मध्यंतराच्या आधी बाहेर पळालो आणि गटारावर ओकलो. पण खरं सांगायचं तर, ते सगळं सोसलं असतं तरी काय? खोट्या माणसांचं खोटं लग्न लागतं की मोडतं याची काळजी मी का करायची, हे मला कधीच कळलं नाही. क्रिकेटचंही तेच. चेंडू सीमेपार गेला. बरं. जाऊ दे.

पहिल्याच आठवड्यात विजयकरांनी विचारलं होतं, "काल कुठला पाहिलास?"

"नाही पाहिला."

"त्याआधी?"

"नाही."

"रेडिओवर गाणी तरी?"

"नाही."

"अरे, मग तुला आवडतं काय?"

त्यांनी विचारलं म्हणून मी खरं सांगितलं. रविवारी ओहोटीच्या वेळेला मी शिवडीला जातो. तिथल्या चिखलात निवटे असतात. मासाच, पण चिखलावर चालतो. डोळे डोक्यावर असतात. एक निवटा आपल्या बिळाभोवतीची जागा राखून असतो, दुसरा आला की पाठीवरचा पंख उभारतो. मी बराच वेळ सांगत असलो पाहिजे. वर पाहिलं तर कुणी जेवत नव्हतं.

मग जे हसणं फुटलं ते आठवडाभर थांबलं नाही. त्या दिवसापासून माझं नाव निवटा. "निवट्या, ती फाइल आण." "निवट्या, चिखल पुसून ये रे पायाचा."

आता याला नाव आहे. अलीकडे माझ्या नातीनं डॉक्टरांचा लेख वाचून दाखवला. ऑटिझम. स्वमग्नता. माणसांच्या डोळ्यांत बघता न येणं, आवाज न सोसणं, एकाच गोष्टीत तासन्‌तास रमणं, चारचौघांना जे आवडतं ते न आवडणं. ती वाचत होती आणि मी मान हलवत होतो. तेव्हा आमच्यात असल्यांना विक्षिप्त म्हणत, घुमा म्हणत. कचेरीत निवटा म्हणत.

मला वाटलं, दोष माझा. मी लालबागचा, शिकलेल्या लोकांना जे आवडतं ते मला आवडत नाही, म्हणजे माझ्यात खोट आहे. ती बुजवायची. कशी बुजवायची ते थेटराच्या दारात सापडलं. तिथं सिनेमाच्या गाण्यांची पातळ पुस्तकं मिळत. आण्या-दोन आण्यांना. पहिल्या पानावर सिनेमाची गोष्ट छापलेली असायची, पण पुरी नाही. नायक संकटात सापडला की गोष्ट तोडायची आणि खाली लिहायचं की पुढचं रुपेरी पडद्यावर पाहावं. नाहीतर तिकीट कोण काढणार?

मी पुस्तक विकत घेतलं. थेटरात गेलो नाही. गोष्ट पाठ केली आणि सोमवारी डब्याच्या वेळेला म्हणून दाखवली. शब्द न् शब्द. शेवटी विजयकरांनी विचारलं, "मग? पुढे काय झालं तिचं?"

मी छापल्याप्रमाणे सांगितलं, "ते रुपेरी पडद्यावर पाहावे."

टेबल हादरलं. एकाच्या नाकातून पाणी आलं. विजयकर डोळे पुसत म्हणाले, "वा! आता दर सोमवारी हवं हं आम्हाला."

मला वाटलं, जमलं.

मला खरंच वाटलं, जमलं. इथे मला थांबावंसं वाटतं, पण सांगतो. कितीतरी महिने मी सुखात होतो. सोमवारी माझ्यासाठी मधली खुर्ची रिकामी ठेवत. इतर खात्यांतली माणसं ऐकायला येत. "आला, आला" म्हणत. माझ्या आयुष्यात मी आल्याचा आनंद कुणाला झाला नव्हता. मी घरी आईला सांगितलं, "माझे दोस्त झालेत." आईनं पदरानं तोंड पुसलं. दुसऱ्या सोमवारपासून डब्यात दोस्तांसाठी जादा घावणे येऊ लागले. आई त्यासाठी पहाटे उठायची. ते खायचे. बोटं चाटून खायचे.

कंपनीच्या वाढदिवसाचं आमंत्रण विजयकरांनी स्वतः दिलं. "मोठ्या साहेबांना तुझी गोष्ट ऐकायचीय. खूश कर त्यांना. दुसऱ्याच दिवशी कायमच्या कागदावर सही."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नवी गोष्ट पाठ होती. जेवण झालं. हात धुवायला मी मागच्या बाजूला गेलो आणि परत येताना दिवाणखान्याच्या पडद्याआड थबकलो, कारण आतून माझा आवाज येत होता.

माझाच आवाज. सपाट, एका सुरातला, वाक्याच्या शेवटी न पडणारा. पडद्याच्या फटीतून पाहिलं. विजयकर मधोमध उभे होते. नजर समोरच्या भिंतीवर खिळवलेली. उजव्या हाताच्या अंगठ्यानं शर्टाचं तिसरं बटण घासत होते. मी ते घासतो हे मला ठाऊक नव्हतं. मोठ्या साहेबांच्या पत्नी हसून हसून कोचाच्या हातावर रेलल्या होत्या. विजयकर म्हणाले, "अहो, याला वाटतं, आम्ही गोष्ट ऐकतो!"

त्या एका वाक्यात माझे सगळे सोमवार गेले. मधली खुर्ची गेली. घावणे गेले.

आणि यानंतर मी आत गेलो. हे लक्षात घ्या. ऐकल्यावर गेलो. पडदा बाजूला केला, "आला, आला!" झालं, स्टूल आलं आणि मी चढलो. दगडाच्या विनोदाला हसलोसुद्धा. कारण सही उद्या होती आणि बाबांची छाती माझ्या डोक्यात वाजत होती. अपमान त्यांनी केला, पण पायरी मी चढलो. ही लाज दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाही.

मी सुरुवात केली. "एका निसर्गरम्य गावी एक गरीब पण मानी शेतकरी राहत होता."

हसले.

"त्याला एकुलती एक कन्या होती."

हसले. आता मी पहिल्यांदा ते हसणं नीट ऐकत होतो. गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं. कन्या असण्यात काय विनोद आहे? ते माझ्या आवाजाला हसत होते. माझ्या अंगठ्याला. मी अंगठा बटणावरून काढला तर आणखी हसले.

मी थांबलो.

"पुढे?" विजयकर म्हणाले.

"मी हा सिनेमा पाहिलेला नाही," मी म्हणालो.

हशा.

"मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. मला सिनेमा आवडत नाही. मला गाणी आवडत नाहीत. मी तुमच्यात बसायला मिळावं म्हणून पाठ करत होतो."

टाळ्या पडल्या. टाळ्या! आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो, आणि त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. मोठ्या साहेबांच्या पत्नींनी "वन्स मोअर" म्हटलं.

मी स्टुलावरून उतरलो. तेव्हा हळूहळू हसणं ओसरलं. मोठे साहेब उठून जवळ आले. माणूस आवाज न चढवणारा. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला अंगाला हात लावलेला सोसत नाही, मी बाजूला झालो.

"रागावलास की काय? गंमत असते रे. चल, चढ, गोष्ट पुरी कर. उद्या तुझी सही आहे ना?"

"गोष्ट पुरी करणार नाही."

"मग सही कशाला करू मी?"

"नका करू."

"उद्या कामावर येऊ नकोस," ते म्हणाले. तेवढ्याच हलक्या आवाजात.

मी चालत लालबागला आलो. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. सबंध रस्ताभर मला माझं ते सुख आठवत होतं. कुणी मारलं तर ते माणूस विसरतो. आपण कुठल्या गोष्टीनं सुखावलो होतो, हे विसरता येत नाही.

आई दारातच होती. "काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. तिला नीट कळायला वेळ लागला.

"म्हणजे ते तुका हसत होते?"

"हो."

मग म्हणाली, "माजे घावणे खावन?"

बाबा सकाळी उठून पाळीला गेले. मला दुसरी कायमची नोकरी मिळेपर्यंत जात राहिले, आणि ती मिळायला दोन वर्षं गेली. माझ्या 'नाही'ची किंमत त्यांच्या छातीनं भरली. मला कुणी शूर म्हटलं की म्हणूनच राग येतो.

घरी बसलो होतो त्या दिवसांत काशीमावशीनं मला हाक मारली. शेजारच्या खोलीतली. स्वतः गिरणीत रिळं भरायची आणि चळवळीत पुढे असायची.

"सभेक येतंस काय रे?"

"नाही. गर्दी सोसत नाही. घोषणा डोक्यात जातात."

तिनं माझ्याकडे जरा बघितलं. हसली नाही. "मगे खळ शिजव. पोस्टरां खळीबिगर चिकटतत काय?"

मी गॅलरीत स्टोव्ह ठेवून मैद्याची खळ शिजवू लागलो. गाठी होऊ द्यायच्या नाहीत, कीड लागू नये म्हणून मोरचूद किती घालायचा ते बघायचं. लालबागपासून भायखळ्यापर्यंतच्या भिंतींवर माझी खळ होती. कुणी मला गाणं म्हणायला सांगितलं नाही. मी कुठे बघतो, हे कुणी पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं की माणसाला माणसांत जागा मिळायला सोंग लागतंच असं नाही. इतकी साधी गोष्ट. ती कळायला मला स्टुलावर चढावं लागलं, याचीही लाजच वाटली.

पुढे शिवडीच्या एका गोदामात लागलो. साहेबांनी विचारलं, "मिसळून वागता येईल ना?" मी म्हणालो, "कामाचं बोला, मी कामाचं बोलेन. डबा मी वेगळा बसून खाईन." त्यांनी जरा विचार केला आणि घेतलं.

आणि मग महाराष्ट्र राज्य झालं. त्या सकाळी लालबाग वेडं झालं होतं. लेझीम, ढोल, ताशे, गुलाल. चाळ रिकामी झाली. मी खोलीत कानांत कापसाचे बोळे घालून बसलो होतो. मला आनंद झाला होता. तो बसून होत होता.

दार ढकलून मंडळाची पोरं आत आली, गुलालानं माखलेली. "चल रे, नाचायला!"

"नाही येत."

"सिनेमा नाय आवडत, गाणी नाय आवडत, आता महाराष्ट्र पण नाय आवडत? माणूस हायस का कोण?"

ही माझी माणसं होती. बंगल्यातली नव्हती. माझा हात उठून बटणाकडे गेला, माझ्या लक्षात आलं, आणि मी तो तिथेच राहू दिला. घासू दिलं त्याला बटण, सगळ्यांदेखत.

"खळ मी शिजवलीय," मी म्हणालो. "नाचणार नाही."

त्यांच्यामागून काशीमावशी डोकावली. कपाळभर गुलाल. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजचो दिस तरी ये रे. लोक काय म्हणतले?"

तिनंसुद्धा विचारलं. ते मला लागलं. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा पेटला, स्टुलावर पेटला होता तसाच. उठलो असतो तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं.

"म्हणू देत," मी म्हणालो.

ती गेली. पोरं गेली. मला लाज वाटत राहिली, दुपारपर्यंत. लाज वाटते म्हणून आता उठायचं नाही, एवढं त्या दिवशी ठरवलं. अजून उठलेलो नाही.