खोडरबरवाले धोंडूमामा

मंजू, हे पत्र जरा डोळ्यांजवळ धर, म्हणजे मला तुझा कान धरता येईल. परवा इथे विसरून गेलीस ते पुस्तक मी चाळलं. अगं, हायलायटरने पानंच्या पानं पिवळी! लग्न ठरलंय का त्याचं, हळद लावलीस ती? वर म्हणतेस, "आजी, सगळं वाचलं, पण निबंधाला काही सुचत नाही." सुचणार कसं? तू रंगवलंस. वाचलंस कुठे? आमच्या धोंडूमामांच्या हाती लागायला हवी होतीस.

धोंडूमामा म्हणजे नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाचे शिपाई. बाळकुमहून रोज चालत यायचे. टोपीच्या घडीत एक खोडरबर. वाचकांनी पुस्तकांत पेन्सिलीने मारलेल्या रेघा खोडायच्या, हे त्यांचं काम. शिक्षण चौथीपर्यंत, पण नेम असा, की जे खोडायचं ते आधी वाचायचं. त्यामुळे अख्ख्या नौपाड्याचं अंतरंग त्यांना पाठ.

मामा मला सांगायचे, "ते वकीलसाहेब! अध्यात्माचं पुस्तक नेलं. दोन पानं रेघाच रेघा, पुढं सगळं कोरं. मोक्ष तिसऱ्या पानावरच मिळाला वाटतं!"

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा. मी सातवीत. वडील कचेरीत कारकून, आणि घरातही कचेरीच चालवायचे. सिनेमाला जायचं तर आईनेसुद्धा कारण सांगायचं. सातवी झाली की माझी शाळा बंद, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तर म्हणाले, "तोंडी तक्रार चालणार नाही. लेखी दे. पटलं तर आठवी." त्याच सुमाराला शाळेत निबंधाला विषय आला, 'मुलींनी सातवीपुढे शिकावे काय?' म्हटलं, एका निबंधात दोन कामं!

तीन पुस्तकांतली झुळझुळीत वाक्यं उतरवून मी मामांना दाखवायला गेले. 'स्त्री ही संसाररथाचे चाक' वगैरे. मामांनी शांतपणे वाचलं.

"हे चाक तुझं का?"

"नाही मामा, पुस्तकातलं."

"मग तुझा बाप पुस्तकाला आठवीत घालील. तू बस घरी."

मी मुसमुसायला लागले, तर त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा समोर टाकला. मागची बाजू कोरी. "उजवीकडं लिही पुस्तक काय बोलतं. डावीकडं त्याच्याशी भांड. पयला सवाल एकच, कशावरून? गोड वाक्याखाली समदे रेघा मारतात ग पोरी. कारणाखाली मारणारा एक मानूस नाय बघितला मी, आणि हात दुखंपर्यंत खोडलंय!"

पंधरा दिवस मी भांडले. कुणा शहाण्याने लिहिलं होतं, की जास्त शिकलेल्या मुलीला घरकामाचा कंटाळा येतो. डावीकडे मी लिहिलं, 'कशावरून? आई दुसरीपर्यंतच शिकली. कंटाळा तिलाही येतो.' मामा इतके हसले, की आतून चिटणीस 'शांतता!' म्हणून ओरडले.

मग मामांनी फर्मावलं, "बापाची बाजू आधी मांड. त्याला मांडता येणार नाय अशी झकास." मी मांडली. पहिलं पान भरून. वडिलांनी ते वाचलं, चष्मा काढला, शेजारच्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. "बघा, पोरीला स्वतःलाच कळतं!" आणि दुसरं पान न उलटता कागद खुंटीला अडकवून जेवायला बसले. कचेरीतली सवय, हवं ते पहिल्याच पानावर मिळालं की फाईल बंद!

मामांना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "चूक माझी. बापाला पयल्याच पानावर जेवू घातलंस. ढेकर देऊन उठला तो. आता असं कर, त्याचं एक कारण, लगेच तुझा जबाब. एक घास त्याचा, एक तुझा. उठता येता कामा नये."

रात्र नाही की दिवस नाही, मी ते सगळं पुन्हा लिहिलं. रविवारी सकाळी वडिलांच्या हातात दिलं. वाचता वाचता ते लाल झाले. उठले, पुन्हा बसले. मग कानावरची निळी पेन्सिल काढून त्यांनी समासात खरडलं, 'कशावरून?' मी मनात म्हटलं, जिंकले! माणूस भांडायला लागला म्हणजे वाचायला लागला. शेवटच्या पानापर्यंत गेले. खाली शेरा मारला, 'शाळा नाही. घरी अभ्यास करून मॅट्रिकला बसण्यास हरकत नाही.'

अर्धवटच मिळालं. मी रडतच मामांकडे गेले. ते म्हणाले, "शाळा नाय दिली, पण पुस्तकं तर नाय तोडली? हे वाचनालय कुठं पळून चाललंय?" त्यांनी दाराजवळचं एक स्टूल मला ठेवून दिलं. त्या स्टुलावर बसून, पत्रिकांच्या पाठी भरभरून मी मॅट्रिक झाले. परीक्षेनंतर मी आजोळी होते; परत येऊन निकाल सांगायला पेढे घेऊन गेले, तेव्हा मामा जाऊन महिना झाला होता. चिटणिसांनी माझं नाव लिहिलेली पुडी हातात दिली; तिच्यात मामांनी माझ्यासाठी खोडरबर ठेवला होता, झिजून चिंचोक्याएवढा. तो अजून माझ्या डब्यात आहे.

तर मंजू, तुझ्या पिवळ्या पानांच्या समासात मी शिसपेन्सिलीने सोळा ठिकाणी 'कशावरून?' लिहून ठेवलंय. तीन ठिकाणी तर लेखकाला गाढवसुद्धा म्हटलंय. पुस्तक न्यायला लवकर ये, आणि येताना जबाब घेऊन ये. मी वाद घालायला बसलेच आहे. पटलं तर खोडीन, खोडरबर माझ्याकडे आहे.