सावलीच्या पाच जणांची हाफ मॅरेथॉन

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात माझं मेडिकल स्टोअर आहे. आमच्या धावण्याच्या ग्रुपमधले कोणीही दोघं काउंटरला टेकून उभे राहिले, की तिसऱ्या मिनिटाला मॅरेथॉनचा विषय निघतो. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस खोकला विसरून ऐकत बसतो. एकवीस किलोमीटर धावायला तीन तास लागतात. त्याच्या गोष्टी मात्र दोन वर्षं झाली तरी संपत नाहीत! त्यातल्या काही सांगते. तिखटमीठ लावलेलं नाही. तशी गरजच पडली नाही.

*

सुरुवात केली गुरनुले सरांनी. सर हायस्कूलमध्ये गणित शिकवतात, वय पन्नाशीचं. चंद्रपूरला हाफ मॅरेथॉन आहे हे त्यांनी मोबाइलवर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन जाहीर केलं, "एकवीस किलोमीटर म्हणजे किती? सावली ते गडचिरोली, अन् वरून गावात एक चक्कर. बस, इतकंच!"

त्या 'इतकंच'ला भुलून आम्ही पाच जणांनी नावं दिली.

पहिल्या दिवशी सकाळी मूल गावाकडच्या रोडने निघालो. समोरून एक म्हातारी शेणाचं टोपलं घेऊन येत होती. आम्हाला ओळीनं पळताना पाहून ती जागीच थांबली.

"कोण गेलं गा मास्तर?"

"कोणी नाई गेलं, आजी. आमी धावून राह्यलो."

"थे दिसते मले. पण काऊन?"

पंचवीस वर्षं पोरांच्या शंका सोडवणारे सर अडकले. "तब्येतीसाठी" असं काहीतरी पुटपुटून पुढे निघाले. म्हातारीला त्यातलं 'तब्येत' एवढंच ऐकू आलं. आठ वाजेपर्यंत सरांच्या घरी चार माणसं येऊन गेली, तब्येत कोणाची बिघडली ते विचारायला! सरांच्या बायकोने चौघांना चहा पाजला. पाचवा आला तेव्हा तिने दारातूनच सांगितलं, "यांचं डोस्कं बिघडलं हाय. बाकी सारे ठीक!"

*

आमच्याकडे वाघ हा फक्त गोष्टीतला प्राणी नाही. फॉरेस्ट गार्डने आम्हाला तीन गोष्टी बजावल्या. दिवस उगवल्याशिवाय निघायचं नाही, एकट्याने जायचं नाही आणि धावताना बोलत राहायचं, म्हणजे जनावराला आधीच कळतं आणि ते बाजूला होतं.

पहिल्या दोन जमल्या. तिसरी कशी जमणार? श्वास घ्यायलाच तोंड पुरत नव्हतं. शेवटी सरांनी उपाय काढला. पाढे! सर मोठ्याने म्हणणार, आम्ही मागून ओरडणार. बेच्या पाढ्याला सुरुवात केली की सतराच्या पाढ्यापर्यंत पाच किलोमीटर व्हायचे.

एके दिवशी आम्ही चांगलेच लांब गेलो होतो. एकोणतिसाचा पाढा चालू होता. डावीकडे दाट झाडी. "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर," असं म्हणून सर एकदम गप्प झाले. नुसते गप्प नाही, थांबलेच. आम्हीही थांबलो. ग्रुपमधल्या शालिनी सिस्टरने माझा दंड असा धरला की नखं रुतली. देवाजीने, म्हणजे आमच्यातल्या मासेमाराने, हळूच एक दगड उचलला.

"सर, दिसला काय?" मी कुजबुजले.

सरांनी नुसता हात वर केला. झाडीत काहीतरी खसफसलं. अर्धं मिनिट कोणी हललं नाही.

"दोनशे तीन!" सर ओरडले. "एकोणतीस साते दोनशे तीन!"

देवाजीने दगड खाली टाकला. "सर," तो म्हणाला, "उद्यापासून धाच्या पाढ्यापर्यंतच म्हणत जाऊ."

*

शालिनी सिस्टर दवाखान्यात नर्स आहे. सावलीला यायच्या आधी ती गडचिरोलीच्या जंगलातल्या एटापल्लीला होती. खाण्यापिण्याचं खातं आपोआपच तिच्याकडे गेलं. तिने नेटवरून एक चार्ट काढला आणि आम्हाला बसवून वाचून दाखवला. शर्यतीच्या आधी तीन दिवस कार्बो लोडिंग करायचं. पास्ता, ब्रेड, ओट्स.

देवाजीने विचारलं, "बाई, थे कार्बो कायच्यात असते?"

"भातातही असतं."

"भातात?" देवाजी हसायलाच लागला. "मंग आमी तं जलमापासून लोडिंगच करून राह्यलो ना वो!"

मग तिने धावताना खायचं जेल काढलं. नागपूरहून मागवलेलं एकच पाकीट होतं. सगळ्यांनी बोटाला लावून चाखलं. शेवटी सरांनी सभ्यपणे विचारलं, "हे खायचंच असतं ना? की गुडघ्याले चोळायचं?"

पुढच्या आठवड्यात सिस्टरने एटापल्लीच्या ओळखीच्या बाईकडून मोहफुलांचे लाडू मागवले. ती बाई स्वतः रानातून फुलं वेचते, वाळवते, भाजते आणि तीळ घालून लाडू वळते. लाडवांसोबत निरोपही आला होता, "धावाच्या आधी एक. दोन खाल्ले तं मंग थांबता येणार नाई!"

*

शर्यतीच्या महिनाभर आधी आम्ही ट्रायल घेतली. रविवारी सकाळी सावलीहून निघायचं, गडचिरोलीला पोचायचं आणि बसने परत यायचं.

मी चव्वेचाळीस वर्षांची. या ग्रुपमध्ये यायच्या आधी, शाळा सुटल्यापासून बस पकडण्यापलीकडे कधी धावले नव्हते. वैनगंगेच्या पुलावर वारा असा समोरून यायचा, की मी पुढे जातेय की मागे तेच कळेना. पण पोचले! स्टँडवरच्या बाकावर बसले आणि मला रडूच आलं. इतकं अंतर मी माझ्या पायांनी आले यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

घरी आले तेव्हा अकरा वाजले होते. सासूबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मला राहवलं नाही. बूटही काढले नाहीत.

"आई, मी गडचिरोलीपर्यंत धावत गेले!"

त्यांनी सूप थांबवलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गडचिरोलीले गेली होती?"

"हो! धावत!"

"मंग येतायेता वांगे तं आणाचे वो! तिथी सस्ते भेटते."

आणि सूप पुन्हा सुरू झालं.

*

सामान बांधणं हा सरांचा विषय. त्यांनी ग्रुपवर बत्तीस वस्तूंची यादी टाकली. शॉर्ट, टी-शर्ट, मोजे दोन जोड, सेफ्टी पिना चार, व्हॅसलिन, टॉवेल, ओआरएस, आधार कार्ड, सुतळी. सुतळी कशाला, हे आजपर्यंत कळलेलं नाही. निघायच्या दिवशी दुपारी दुकानात सरांनी आम्हा चौघांच्या बॅगा उघडून तपासल्या; त्यांची स्वतःची घरी बांधून तयार होती. माझ्याकडे तीनच पिना निघाल्या. सरांनी मला वर्गात उभं करतात तसं उभं केलं आणि म्हणाले, "नंबर एका कोपऱ्यातून लटकला तर? तयारी म्हणजे तयारी!" मी चौथी पीन घरून आणली.

बसने चंद्रपूरला पोचलो. लॉजवर सगळ्यांनी बॅगा उघडल्या. सरांनी आपली काळी बॅग उघडली आणि तसेच बसून राहिले. आत नववीच्या घटक चाचणीचे पेपर होते. दोन्ही बॅगा काळ्या. घाईत शाळेची उचलून आणली होती!

आम्हाला हसावं की नाही ते कळेना. सरांनी घरी फोन लावला. बायको म्हणाली, "हो, इथी पडल्या हायेत चार पिना. लावू काय कुठी?"

सरांनी फोन ठेवला, खिशातून लाल पेन काढला आणि पलंगावर मांडी घालून बसले. "आणलेच आहेत तर तपासून टाकतो."

नशीब, बूट पायातच होते. दुसऱ्या दिवशी सर फुल पँट आणि इस्त्रीच्या शर्टात धावले. खिशाला लाल पेन तसाच! रस्ताभर लोकांना ते आयोजक वाटले. एका पाण्याच्या टेबलावर तर एका माणसाने त्यांना अडवून झापलं, "साहेब, इथलं पाणी संपलं, अन् तुमी नुसते धावून राह्यले!"

*

देवाजी तलावात मासे धरतो. जन्मात त्याने बूट घातले नव्हते. सावलीत आम्ही धावायचो तेव्हा तो अनवाणी असायचा आणि तरी आमच्या पुढे असायचा. सिस्टर मागे लागली. डांबरी रस्ता आहे, काच असते, खिळे असतात. शेवटी त्याने मासे विकून बूट घेतले. पोपटी रंगाचे.

सिस्टरने सांगितलं, नवे बूट शर्यतीच्या दिवशी चावतात, महिनाभर आधीपासून घालून सवय कर. देवाजीने ते फारच मनावर घेतलं. आठ दिवसांनी त्याची बायको दुकानात आली.

"बाई, तुमी सांगा त्याले. जेवाले बी बुटातच बसते. काल तलावावर गेला तं बूट काठच्या पारीवर उतरवले, अन् माशाइकडं पाठ करून बुटाइकडंच पाहून राह्यला!"

शर्यत सुटली आणि देवाजी गर्दीत दिसेनासा झाला. एक तास बावन्न मिनिटांत आला. आमच्यातला पहिला, आणि त्याच्या वयाच्या गटात तिसरा! फिनिशलाइनवरचा त्याचा फोटो सिस्टरच्या मोबाइलमध्ये आहे. पाय अनवाणी, आणि गळ्यात लेस बांधून अडकवलेले पोपटी बूट.

सिस्टर चिडली. "अरे, महिनाभर घातलेस ना? मग आज काय झालं?"

"आज घातले असते तं खराब नसते झाले काय, बाई?"

*

आता माझं सांगते. मी शर्यत पूर्ण केली नाही. पंधराव्या किलोमीटरला पोटरीत असा गोळा आला, की दुभाजकावर बसले ती उठलेच नाही. मागून आयोजकांची बस आली. ज्यांना पुढे जमत नाही त्यांना उचलत ती सगळ्यांच्या शेवटी येते. मी चढले. आत सात-आठ जण होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

थोडं पुढे गेलो तर रस्त्यावर एकच माणूस. आमचे प्रभाकरभाऊ, मी दुभाजकावर बसले होते तेव्हा मला ओलांडून गेलेले.

प्रभाकरभाऊ अठ्ठावीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच रिटायर झालेले. डायबेटिसच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याच दुकानातून नेतात. नाव नोंदवताना मी विचारलं होतं, "भाऊ, तुमी कायले?" तर म्हणाले, "सारी जिंदगी बसून गेली. एकदा पायानं जाऊन पाहाचं हाय." गोळ्या सांभाळून, डॉक्टरांना विचारून, चार महिने ते रोज सगळ्यांच्या मागे, पण नियमाने आले.

आता ते दहा पावलं धावत होते, वीस पावलं चालत होते. बस त्यांच्याजवळ थांबली. दार उघडलं.

"काका, बसा. वेळ संपत आली," दारातल्या बाई म्हणाल्या.

भाऊंनी मान हलवली आणि चालत राहिले.

अठराव्या किलोमीटरला बस पुन्हा थांबली. या वेळी मी खिडकीतून ओरडले, "भाऊ, या ना! पुरे झालं!"

"तुमी पाय पसरून बसा, वर्षाबाई," ते म्हणाले. चक्कर येत नाही ना, ते दारातल्या बाईंनी विचारून घेतलं. नाही म्हणाले. खिशातली साखरेची पुडी काढून दाखवली.

शेवटचा दीड किलोमीटर राहिला असेल, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला थांबले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. ड्रायव्हरने बस अगदी त्यांच्या शेजारी नेऊन लावली. दार उघडलं. सगळी बस त्यांच्याकडे पाहत होती. मी बाजूची जागा रिकामी केली.

बऱ्याच वेळाने भाऊंनी मान वर केली. दाराजवळ आले. दांड्याला हात लावला. आमच्याकडे पाहिलंच नाही, ड्रायव्हरकडे पाहिलं.

"मी हात दाखवला काय?"

ड्रायव्हर गोंधळला. "नाई."

"मंग गाडी थांबवली कायले?"

ड्रायव्हरने मागे वळून मला हळू आवाजात विचारलं, "कोण हायेत हे?"

"एसटीचे ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं."

त्याने दार लावलं, गिअर टाकला आणि बस भाऊंना मागे टाकून पुढे काढली. बाई म्हणाल्या, अहो, आपण शेवटी राहायचं असतं. त्याने ऐकलं नाही. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. भाऊ लहान लहान होत गेले.

मैदानात बस शिरली तसं आयोजकांनी ओळखलं, की संपलं. कमान उतरवायला दोन माणसं शिडीवर चढली. एकाने फिनिशलाइनवर अंथरलेली, वेळ नोंदवणारी टायमिंगची पट्टी गुंडाळायला घेतली. सर, सिस्टर आणि देवाजी बसकडे धावत आले. मी उतरले. माझ्या मागून कोणी उतरतंय का, ते तिघंही पाहत होते.

ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. सरळ चालत गेला आणि त्या पट्टीवर पाय ठेवून उभा राहिला.

"थांबा साहेब. माही एक सवारी मांगून येऊन राह्यली."

सवारी येईपर्यंत त्याने पाय उचलला नाही.